पाटीवर पंथ असावा का?

२०२३ सालच्या जूनमध्ये अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनचं वार्षिक अधिवेशन भरलं. हजारो प्रतिनिधी जमले होते आणि त्यांच्यापुढच्या अपिलांत दोन मंडळ्यांची अपिलं होती. एक कॅलिफोर्नियातलं सॅडलबॅक चर्च, रिक वॉरन यांनी १९८० साली सुरू केलेलं, देशातल्या सर्वांत मोठ्या मंडळ्यांपैकी एक. दुसरं केंटकी राज्यातल्या लुइव्हिलचं फर्न क्रीक बॅप्टिस्ट चर्च. आकाराने त्याच्यापुढे अगदीच लहान. दोघांवर ठपका एकच होता: त्यांनी स्त्रीला पाळक केलं. फेब्रुवारीतच कार्यकारी समितीने त्यांना यादीतून वगळलं होतं. प्रतिनिधींनी मतदान केलं आणि दोन्ही अपिलं फेटाळली. सॅडलबॅकच्या विरोधात सुमारे ८८ टक्के मतं पडली.

बातमी स्त्री-पाळकांची म्हणून गाजली. पण, श्रोतेहो, आजच्या विषयासाठी तिच्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची आहे. सॅडलबॅकच्या पाटीवर ‘बॅप्टिस्ट’ हा शब्द कधीच नव्हता. त्यामुळे हे चर्च सदर्न बॅप्टिस्टांपैकी आहे, हे कित्येक अमेरिकनांना ते बाहेर पडलं तेव्हा कळलं. फर्न क्रीकच्या पाटीवर तो शब्द होता, आणि संघटनेने बाहेर काढल्यावरही तो तिथेच राहिला. तो पुसायला कुणी गेलं नाही. जाण्याचा अधिकार कुणाला नव्हताच.

हे कसं, ते समजायला बॅप्टिस्टांची घडी थोडी माहीत हवी. या पंथात बिशप नाही. वरून हुकूम देणारं कुणी नाही. प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतंत्र असते. पाळक नेमायचा की काढायचा, छप्पर दुरुस्त करायचं की नवी इमारत बांधायची, हे सभासद मतदानाने ठरवतात. त्या सभेला तिकडे सरळ ‘बिझनेस मीटिंग’ म्हणतात, आणि गालिच्याचा रंग ठरवताना ती रात्री दहापर्यंत कशी लांबते याचे विनोद बॅप्टिस्ट लोक स्वतःच सांगतात. दुसरं लक्षण बाप्तिस्म्याचं. इथे तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडत नाहीत. ज्याला कळतं, ज्याने स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केला, त्यालाच पाण्यात पूर्ण बुडवतात. म्हणून बॅप्टिस्ट उपासनामंदिरात व्यासपीठाच्या मागे किंवा खाली हौद असतो. एरवी त्यावर फळ्या किंवा पडदा असतो. बाप्तिस्म्याच्या दिवशी पाळक कमरेइतक्या पाण्यात उतरतो, माणसाच्या पाठीला हात देतो, त्याला उताणं आत नेतो आणि लगेच वर काढतो. थंड प्रदेशात हौदाला हीटर लावतात.

कन्व्हेन्शन म्हणजे अशा स्वतंत्र मंडळ्यांनी मिशन आणि शिक्षणासाठी केलेली भागीदारी. भागीदारीतून काढता येतं, पण नाव काढून घेता येत नाही. याची कडू बाजू कॅन्सस राज्यातल्या टोपेका गावी दिसते. तिथलं वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्च शहीद सैनिकांच्या अंत्ययात्रांबाहेर द्वेषाचे फलक घेऊन उभं राहण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. एकाच कुटुंबाभोवती फिरणाऱ्या या चर्चचं कुठल्याही बॅप्टिस्ट संघटनेशी नातं नाही. २०११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूने आठ विरुद्ध एक असा निकाल दिला. त्यानंतर जगभरच्या सभ्य बॅप्टिस्टांना खुलासे करत बसावं लागलं की हे आमचे नव्हेत. खुलासा देता येतो, पाटी उतरवता येत नाही.

गंमत अशी की हे नाव मुळात बॅप्टिस्टांनी स्वतः घेतलेलंच नाही. थॉमस हेल्विस हा इंग्रज अ‍ॅम्स्टरडॅमहून परतला आणि १६१२च्या सुमारास लंडनजवळ त्याने इंग्लंडमधली पहिली अशी मंडळी उभी केली. धर्माच्या बाबतीत राजाला अधिकार नाही असं त्याने छापून लिहिलं आणि न्यूगेटच्या तुरुंगात त्याचा शेवट झाला. अशा लोकांना तेव्हा ‘अ‍ॅनाबॅप्टिस्ट’ म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा देणारे म्हणत, आणि ती शिवीच होती. १५३४-३५ साली जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात त्या नावाच्या लोकांनी घातलेला गोंधळ युरोप विसरला नव्हता. १६४४ मध्ये लंडनच्या सात मंडळ्यांनी विश्वासाचा जाहीरनामा काढला, तेव्हा शीर्षकातच सांगून टाकलं की आम्हाला लोक अ‍ॅनाबॅप्टिस्ट म्हणतात, पण ते चूक आहे. म्हणजे पंथाच्या पहिल्या मोठ्या कागदाची सुरुवातच नाव झटकण्याने झाली. आज नाव झाकणाऱ्या तरुण पाळकांना भित्रे म्हणणाऱ्यांनी हा कागद एकदा काढून वाचावा.

जॉन बनियनला तर अशा नावांचा तिटकाराच होता. बेडफर्डच्या तुरुंगात बारा वर्षं काढलेल्या या माणसाचं ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ हरी केशवजींनी १८४१ साली ‘यात्रिकक्रमण’ म्हणून मराठीत आणलं. बनियनची मंडळी पाण्याच्या बाप्तिस्म्यावरून कुणाला दाराबाहेर ठेवत नसे, आणि आपल्याला नुसतं ख्रिस्ती म्हणावं एवढंच त्याचं मागणं होतं. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये दर रविवारी हजारो लोक ज्याला ऐकायला येत, तो चार्ल्स स्पर्जन पक्का बॅप्टिस्ट. त्याच्यासाठी १८६१ साली उभारलेल्या भव्य वास्तूचं नाव मात्र ‘मेट्रोपोलिटन टॅबरनॅकल’. त्यात बॅप्टिस्ट शब्द नाही. त्याच्या उपदेशात आणि हौदात मात्र तो ठासून भरलेला होता.

अमेरिकेत प्रश्नाला वेगळाच रंग आला. ‘सदर्न’ या शब्दाचा इतिहास बोचरा आहे. १८४५ साली जॉर्जियातल्या ऑगस्टा शहरात दक्षिणेकडचे बॅप्टिस्ट वेगळे झाले, ते गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमावं की नाही या वादावरून. त्याबद्दलची जाहीर क्षमायाचना दीडशे वर्षांनी, १९९५ साली आली. एवढं ओझं असलेलं नाव बॉस्टन किंवा सिअ‍ॅटलमध्ये नवी मंडळी काढणाऱ्याच्या पायात आलं नसतं तर नवल. २०११ साली अध्यक्ष ब्रायंट राइट यांनी नावबदलाचा विचार करायला समिती नेमली. कन्व्हेन्शनच्याच लाइफवे या संस्थेने पाहणी केली, तेव्हा ४४ टक्के अमेरिकनांनी सांगितलं की एखादं चर्च सदर्न बॅप्टिस्ट आहे हे कळलं तर तिथे जाण्याबद्दल आपलं मत प्रतिकूल होईल. समितीने सावध तोडगा काढला. कायदेशीर नाव तेच ठेवायचं, पण ज्यांना हवं त्यांनी स्वतःला ‘ग्रेट कमिशन बॅप्टिस्ट’ म्हणवावं. २०१२ साली याच न्यू ऑर्लिन्समध्ये निम्म्याहून जेमतेम जास्त मतांनी तो मंजूर झाला. योगायोग असा की त्याच अधिवेशनात फ्रेड ल्यूटर हे कन्व्हेन्शनचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष निवडून आले.

एक पाहावं. ‘सदर्न’ काढायची तयारी होती, ‘बॅप्टिस्ट’ काढायची नव्हती. स्थानिक मंडळ्यांनी मात्र उलट दिशेने, आणि समितीची वाट न बघता, ‘बॅप्टिस्ट’ कधीच काढला होता. टेक्सासमधलं ‘फर्स्ट बॅप्टिस्ट चर्च ऑफ हायलँड व्हिलेज’ झालं ‘द व्हिलेज चर्च’. नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅमचं ‘होमस्टेड हाइट्स बॅप्टिस्ट चर्च’ झालं ‘द समिट चर्च’, आणि त्याचे पाळक जे. डी. ग्रीअर पुढे कन्व्हेन्शनचे अध्यक्ष झाले. म्हणजे बॅप्टिस्टांच्या सर्वांत मोठ्या संघटनेचा अध्यक्ष बॅप्टिस्ट न म्हणवणाऱ्या चर्चचा! अशा कित्येक ठिकाणी कायदेशीर नोंद जुन्याच नावाने राहते. बँकेच्या खात्यावर, जमिनीच्या खरेदीखतावर ‘बॅप्टिस्ट’ असतं. रस्त्यावरच्या मोठ्या फलकावर आणि कॉफीच्या कागदी पेल्यावर मात्र नवं, सुटसुटीत नाव.

यामागचा युक्तिवाद थोडक्यात असा: शेजारी आधी आत तर येऊ दे, पंथाचं बघू नंतर. त्यात तथ्य आहे. ज्याने आयुष्यात चर्चचं तोंड पाहिलं नाही त्याला सतराव्या शतकातला वाद दारातच कशाला सांगायचा? पण पुढे काय होतं तेही पाहावं. सहा महिने येणारं जोडपं सभासद व्हायचं ठरवतं. त्यांना नव्या सभासदांच्या वर्गाला बोलावतात, आणि तिथे कळतं की लहानपणी झालेला बाप्तिस्मा इथे धरत नाहीत. पुन्हा, पूर्ण पाण्यात, घ्यावा लागेल. पाटी नसलेल्या हॉटेलात बसून सुरमई मागवावी आणि वाढप्याने हे शुद्ध शाकाहारी आहे म्हणून सांगावं, तशातली गत. कुणी हसून घेतो, कुणी उठून जातो. पैशाचंही तसंच. १९२५ पासून ‘कोऑपरेटिव्ह प्रोग्रॅम’ नावाच्या सामाईक निधीत मंडळ्या आपल्या वर्गणीचा हिस्सा पाठवतात. त्यातून परदेशी मिशन आणि पंथाची धर्मशिक्षण महाविद्यालयं चालतात. रविवारच्या थैलीत वीस डॉलर टाकणाऱ्याला त्याचा वाटा कुठे जातो हे पाटीवरून कळायचं बंद झालं. शार्लटचं गाजलेलं एलिव्हेशन चर्च २०२३च्या जूनमध्ये कन्व्हेन्शनमधून बाहेर पडलं, तेव्हा त्याची गाणी मोबाइलवर ऐकणाऱ्या अनेकांनी विचारलं, ‘हे बॅप्टिस्ट होते?’

नाव झाकण्याला लाजेचं कारणही आहे, आणि ते टाळून हा विषय बोलणं प्रामाणिकपणाचं नाही. २०२२च्या मे महिन्यात एका स्वतंत्र तपास संस्थेने अहवाल दिला की कन्व्हेन्शनच्या वरिष्ठांनी वर्षानुवर्षं लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी दाबल्या आणि तक्रार करणाऱ्यांना झिडकारलं. २००६ साली १ कोटी ६३ लाखांवर गेलेली सभासदसंख्या २०२४ साली १ कोटी २७ लाखांच्या आसपास आली होती. या उतरणीला कारणं अनेक आहेत, ती अहवालाच्या खूप आधी सुरू झाली. पण अहवालानंतर पाटी बदलणाऱ्या मंडळीला एक प्रश्न विचारायलाच हवा: बदल पाटीचा की कारभाराचा? तक्रार ऐकणारी समिती, पाळकाची पूर्वचौकशी, हिशेब उघडा ठेवणं, यातलं काही न करता फक्त अक्षरं बदलली तर ती पळवाट आहे.

आता याच देशातली दुसरी बाजू. बर्मिंगहॅमचं सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्च: १५ सप्टेंबर १९६३ रोजी वर्णद्वेष्ट्यांनी पेरलेल्या बॉम्बने तिथे चार मुली मारल्या. अटलांटाचं एबनेझर बॅप्टिस्ट चर्च, मार्टिन ल्यूथर किंग पितापुत्रांचं. माँटगोमेरीचं डेक्स्टर अ‍ॅव्हेन्यू बॅप्टिस्ट चर्च, जिथून वर्णभेदाविरुद्धच्या बस बहिष्काराची सूत्रं हलली. १९७८ साली त्याच्या नावात किंग यांचं स्मारक जोडलं, ‘बॅप्टिस्ट’ काढलं नाही. कृष्णवर्णीयांच्या अनेक मंडळ्या पाटीवर ‘मिशनरी बॅप्टिस्ट’ अशी आणखी एक उपाधीही मिरवतात. गुलामीच्या काळात ज्यांना मत सोडाच, स्वतःचं आडनावही नव्हतं, त्यांना आपला पाळक स्वतः निवडण्याचा हक्क या पंथाच्या चौकटीत मिळाला. ते नाव बाजारात चालतं का, हा प्रश्न त्यांना पडत नाही. जॉर्जियातल्या मेकन शहरात तर ‘फर्स्ट बॅप्टिस्ट’ नावाची दोन चर्चेस एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. एक गोऱ्यांचं, एक काळ्यांचं. मूळ मंडळी एकच. दोघांनीही ‘पहिलं’ सोडलं नाही.

आपल्याकडे ‘बॅप्टिस्ट’ म्हटलं की मुंबईकराला लोकमान्य टिळकांचे स्नेही बॅरिस्टर काका बाप्टिस्टा आठवतात. ते रोमन कॅथलिक. ठाण्याच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचाही या पंथाशी संबंध नाही, तेही कॅथलिकच. महाराष्ट्रात हा पंथ विरळ का, याचं उत्तर एका जहाजप्रवासात आहे. १८१२ साली अमेरिकेतल्या काँग्रिगेशनल पंथाच्या बोर्डाने पहिले मिशनरी हिंदुस्थानात धाडले. त्यांतले अडोनिराम जडसन चार महिन्यांच्या प्रवासात बाप्तिस्म्यावरचे ग्रीक संदर्भ वाचत बसले. कारण सेरामपूरला (नगरचं श्रीरामपूर नव्हे, हुगळीकाठचं) विल्यम केरी आणि त्यांचे बॅप्टिस्ट सहकारी भेटणार, वाद घालणार, उत्तर तयार हवं. वाचता वाचता ते स्वतःच फितूर झाले. ६ सप्टेंबर १८१२ रोजी कलकत्त्याच्या लाल बझार चॅपेलमध्ये त्यांनी पत्नी अ‍ॅन हिच्यासह बुडवून बाप्तिस्मा घेतला. मागोमाग सहकारी ल्यूथर राइस यांनीही. जडसन ब्रह्मदेशात गेले. राइस अमेरिकेला परतले, गावोगाव फिरले, आणि त्यांच्या खटपटीतून १८१४ साली अमेरिकन बॅप्टिस्टांची पहिली देशव्यापी संघटना झाली. १८४५ साली फुटली ती हीच. त्याच तुकडीतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांनी मत बदललं नाही. ते फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला आले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. नगर-सोलापूरकडचे मराठी ख्रिस्ती काँग्रिगेशनल परंपरेतले झाले ते असे. केरींचं आपल्यावरचं ऋण दुसरं आहे: १८०५चं मराठी व्याकरण, १८१०चा कोश, दोन्ही एका बॅप्टिस्टाने केलेले.

पुढे मिशन संस्थांनी मुलूख आपसांत वाटून घेतले. कोल्हापूर-सांगलीकडे प्रेसबिटेरियन, नागपुरात स्कॉटिश, मिझोरामच्या उत्तरेला प्रेसबिटेरियन आणि दक्षिणेला बॅप्टिस्ट. आंध्रात ओंगोलजवळ ३ जुलै १८७८ रोजी एका दिवसात २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. त्यांतल्या कुणीही चार पंथ तोलून एक निवडला नव्हता. जे मिशन दुष्काळात दाराशी आलं, त्याचा पंथ त्यांचा झाला. म्हणून भारतात हा शब्द बहुधा भूगोल सांगतो.

नागालँडमध्ये तर भूगोलही सांगत नाही. २०११च्या जनगणनेत राज्यातले जवळपास ८८ टक्के लोक ख्रिस्ती, आणि त्यांत बॅप्टिस्ट सर्वाधिक. १८७१ साली गोधुला हे आसामी सुवार्तिक आओ जमातीच्या गावात गेले, पुढच्या वर्षी मिशनरी एडवर्ड क्लार्क, तिथून हे सुरू झालं. कोहिमात फिरताना ‘आओ बॅप्टिस्ट’, ‘लोथा बॅप्टिस्ट’ अशा पाट्या दिसतात. वेगळेपण असतं ते पहिल्या शब्दात, जमातीच्या नावात. झुन्हेबोटोचं सुमी बॅप्टिस्ट चर्च २०१७ साली उघडलं, साडेआठ हजार माणसं बसतील एवढं. तिथे नाव काढण्याची चर्चा करणारा माणूस वेडा ठरेल. पण हीच नागा मुलं दिल्लीला शिकायला जातात तेव्हा जमतात ती ‘नागा ख्रिश्चन फेलोशिप’ म्हणून. घरी जे नाव आपोआप असतं, ते परक्या शहरात मागे पडतं आणि तिथे कुणाला त्याची उणीव भासत नाही.

नाव सोडण्याचा एक मोठा भारतीय प्रयोग मराठी मुलखातच झाला. त्याआधीही, १९१७ साली, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ‘देवाचा दरबार’ काढला होता. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही तिथे जागा होती. दोन वर्षांत टिळक गेले. मग २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्मलं. अँग्लिकन, मेथडिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, काँग्रिगेशनल-प्रेसबिटेरियनांची आधीच एक झालेली मंडळी आणि उत्तर भारतातले केरींच्या परंपरेतले बॅप्टिस्ट असे सहा गट एकत्र आले. बॅप्टिस्टांसाठी घटनेत सोय केली: बालबाप्तिस्मा आणि कळत्या वयातला बाप्तिस्मा दोन्ही मान्य, कुटुंबाने निवडावं. ज्या मुद्द्यावर लोक तुरुंगात गेले, तो असा एका कलमात बसवला. हे तत्त्व सोडणं होतं की मोठं मन, यावर अजून मतभेद आहेत. पण बिशप न मानणाऱ्यांनी बिशपांचं चर्च पत्करलं, हा त्याग बाप्तिस्म्याच्या तडजोडीपेक्षा मोठा होता.

आणि मालमत्ता? ती नावामागे आपोआप जात नाही, हे २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. खटला गुजरातेतल्या ब्रदरन मंडळीचा होता. ते बॅप्टिस्ट नव्हेत, पण तेही कळत्या वयात पाण्यात बुडवणारे, आणि नागपूरच्या मीलनातले. विलीन होण्याचा ठराव केला म्हणून जमिनी आणि इमारती चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या झाल्या का? न्यायालय म्हणालं, नाही. नोंदणीकृत संस्था आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था यांच्या कायद्यांनी घालून दिलेली रीत पाळल्याखेरीज संस्था विसर्जित होत नाही आणि तिची मालमत्ता दुसरीकडे जात नाही. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ‘चेंज रिपोर्ट’ घेऊन खेटे घातलेल्या कुठल्याही मराठी विश्वस्ताला यात नवल वाटणार नाही. चार दशकांपूर्वी प्रार्थना करून सोडलेलं नाव दप्तरात तसंच बसलेलं होतं.

या सगळ्यानंतर प्रस्तुत वक्त्याचा कौल नाव ठेवण्याकडे झुकतो, आणि तो बाजारभावामुळे नाही. ज्या पंथात वरून हमी देणारं कुणी नाही, तिथे आम्ही सभासदांना विचारून कारभार करतो हे येणाऱ्याला उघड सांगण्याची तेवढी एकच जागा आहे. ज्यांना नाव काढायचंच असेल त्यांना अडवण्याचा हक्क कुणाला नाही. ती त्याच पंथाची रीत. फक्त ठरावाच्या नोटिशीत नव्या फलकाच्या खर्चाबरोबर आणखी काही गोष्टी लिहाव्यात: बाप्तिस्म्याचा नियम नवख्याला कुठल्या रविवारी सांगणार, वर्गणीचा हिस्सा कुठे जातो ते कुठे छापणार, आणि इमारत कोणत्या नावाने नोंदलेली राहणार. मग मतदान घ्यावं, हात वर करून नव्हे, चिठ्ठ्या टाकून.